बंद खोली आणि उघडे यंत्र: गॉथिक-स्टीमपंक ऐतिहासिक कादंबऱ्यांची किशोरांना ओढ का वाटते?

पानोपानी

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत गेल्या काही दशकांत एक मिश्र प्रकार चांगलाच रुजला आहे. काळ बहुधा एकोणिसाव्या शतकातला असतो, नायिका किंवा नायक पंधरा-सोळा वर्षांचा असतो, आईवडील हयात नसतात किंवा बेपत्ता असतात, घर अवाढव्य आणि अर्धेअधिक कुलूपबंद असते, आणि या सगळ्यात कुठेतरी पितळी चाकांचे, वाफेवर किंवा चावीवर चालणारे एखादे यंत्र असते, जे त्या काळात प्रत्यक्षात नव्हते पण होऊ शकले असते. घर गॉथिक परंपरेतून आलेले आहे आणि यंत्र स्टीमपंकमधून. अशा पुस्तकांबद्दल बोलताना ‘वातावरणनिर्मिती सुरेख आहे’ एवढे म्हणून बहुतेक जण थांबतात. धुके, गॅसचे दिवे आणि घोडागाड्या यांची मोहिनी मी नाकारत नाही, पण तेवढ्यासाठी कोणी चारशे-चारशे पानांचे तीन खंड वाचून काढत नाही.

माझे म्हणणे असे आहे की हे दोन प्रकार एकमेकांना विरुद्ध दिशांना ओढतात आणि ती ओढाताणच त्या वयाला भिडते. गॉथिक कथेत मोठ्यांनी काहीतरी दडवून ठेवलेले असते आणि लहानांना त्याबद्दल विचारण्याचीही मुभा नसते. स्टीमपंकमध्ये यंत्राचे काम डोळ्यांसमोर चालते. कोणते चाक कोणत्या चाकाला फिरवते हे धीराने पाहत बसणाऱ्या कोणालाही उमगू शकते आणि त्यासाठी वय, लिंग किंवा वारसाहक्क लागत नाही. जिला घरातली एक विशिष्ट खोली उघडायला मनाई आहे, तिच्या हाती उघडता येईल असे एक यंत्र द्यायचे, ही या कादंबऱ्यांची मूळ युक्ती आहे.

गॉथिक कादंबरीची सुरुवात होरेस वॉलपोलच्या १७६४ मधील ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून मानली जाते. पहिल्या आवृत्तीवर वॉलपोलने स्वतःचे नाव घातले नव्हते. एका जुन्या इटालियन पुस्तकाचे हे भाषांतर आहे, अशी त्याने चक्क थाप मारली होती. बनावट इतिहास हा या प्रकाराच्या जन्मापासूनच त्याच्या अंगात भिनलेला आहे, असे म्हणायला हरकत नाही. परंतु आजच्या किशोर कादंबरीच्या दृष्टीने मला ॲन रॅडक्लिफ अधिक महत्त्वाची वाटते. तिच्या १७९४ च्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’मध्ये एमिली ही पोरकी मुलगी आत्याच्या नवऱ्याच्या किल्ल्यात अडकून पडते. तिथे एका काळ्या पडद्याआड काहीतरी आहे. एमिली पडदा उचलते आणि बेशुद्ध पडते. तो मेणाचा पुतळा होता, हे वाचकाला कळायला कादंबरीचा शेवट जवळ यावा लागतो. मात्र त्या किल्ल्यातला एक धोका असा आहे की त्याचा मेणाचा पुतळा करून सुटका होत नाही. त्या गृहस्थाला आधी बायकोची आणि मग एमिलीची जमीन स्वतःच्या नावावर करून हवी आहे. भूत खोटे निघते. कागद मात्र खरा असतो.

या कादंबऱ्यांना एकोणिसावे शतक का लागते, याचे उत्तरही मला या कागदातच दिसते. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतंत्रपणे मालमत्ता बाळगण्याचा हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. त्यापूर्वीच्या १८७० च्या कायद्याने मिळाले ते फारच थोडे होते. १८४५ च्या कायद्याखाली नातेवाइकाची मागणी आणि दोन डॉक्टरांचे दाखले एवढ्या बळावर एखाद्या माणसाला खासगी वेड्यांच्या इस्पितळात टाकता येत असे, आणि अशा प्रकरणात न्यायाधिकाऱ्याचा हुकूम आवश्यक झाला तो १८९० मध्ये. म्हणजे कादंबरीतला दुष्ट काका तळघरात साखळ्या खुळखुळवत बसत नाही. तो शांतपणे दौत-टाक मागवतो आणि कायदा त्याच्या बाजूने असतो. सोळा वर्षांच्या वाचकाला ही परिस्थिती परकी वाटत नाही, कारण त्याच्याही आयुष्याचे बरेचसे निर्णय अजून दुसऱ्याच्या सहीनेच होतात.

इतरांना काय वाटते हे जाणून घ्यायला आवडेल. विशेषतः हा सगळा केवळ वेशभूषेचा सोस आहे असे ज्यांचे मत असेल, त्यांनी जरूर लिहावे.

अवांतर

रॅडक्लिफचे नाव निघाले आहे तर जेन ऑस्टेनला वगळून चालणार नाही. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थंगर ॲबी’मधली कॅथरीन सतरा वर्षांची आहे आणि तिच्यावर अशाच कादंबऱ्यांचा अंमल चढलेला आहे. एका वादळी रात्री पाहुणी म्हणून मिळालेल्या खोलीत तिला एक काळे कपाट दिसते. किल्ली फिरता फिरत नाही, मग एकदाची फिरते, आतल्या कप्प्यात कागदांची गुंडाळी हाताला लागते आणि नेमकी त्याच क्षणी मेणबत्ती विझते. रात्रभर तिला झोप लागत नाही. सकाळी उजेडात पाहते तर तो कपडे धुण्याचा हिशेब असतो! तरुण वाचक आणि गॉथिक यांचे नाते दोनशे वर्षांपूर्वीच थट्टेचा विषय होण्याइतके घट्ट झाले होते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

परंतु याच थट्टेच्या पोटात आपला ‘कागद’ही आहे. त्या घराचा मालक खुनी नसतो, हे कॅथरीनला कबूल करावे लागते; पण ही मुलगी श्रीमंत नाही असे कळताच तोच मालक तिला सत्तर मैलांच्या प्रवासाला एकटीला घराबाहेर काढतो. ऑस्टेनने भूत काढून टाकले आणि भीती जागच्या जागी ठेवली.

दंतचक्र

यंत्राच्या बाजूने थोडे लिहितो, कारण अशा चर्चांमध्ये ती बाजू बहुधा दोन वाक्यांत उरकली जाते.

स्टीमपंक हे नाव के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने १९८७ मध्ये ‘लोकस’ मासिकाला लिहिलेल्या पत्रात काहीसे गमतीने सुचवले आणि ते चिकटले. या प्रकाराचे आराध्यदैवत म्हणजे एकोणिसाव्या शतकातला इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज याचे गणनयंत्र, आणि ते का, हे समजून घेण्यासाठी त्याच्या एका भागाकडे जवळून पाहायला हवे. बेरीज करताना एखादे अंकचाक नऊवरून शून्यावर गेले की हातचा पुढच्या चाकाला द्यावा लागतो. अनेक अंकी संख्यांमध्ये एका हातच्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा असे सुरू झाले की सगळा भार एकदम यंत्रावर पडतो आणि ते अडकते. बॅबेजने यावर असा तोडगा काढला की आधी सगळ्या बेरजा उरकून घ्यायच्या; ज्या चाकाचा हातचा देणे बाकी आहे तिथे एक छोटी खिटी तेवढी सरकून राहते; आणि मग मागच्या बाजूच्या उभ्या दांड्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारखे वर चढत गेलेले हात एकामागून एक फिरत येतात आणि ज्याचा त्याचा हातचा पोचता करतात. यंत्र चालू असताना मागून पाहिले तर पितळेतून एक लाट वर चढत गेल्यासारखी दिसते. हे पाहणाऱ्याला गणित शिकवावे लागत नाही, ते दिसते.

ब्रिटिश सरकारने या कामावर सुमारे १७,००० पौंड खर्च केल्यानंतर १८४२ मध्ये अंग काढून घेतले आणि यंत्र अपुरेच राहिले. बॅबेजचे आराखडे निरुपयोगी होते असा समज त्यामुळे बरीच वर्षे टिकला. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या जन्माला दोनशे वर्षे झाल्याचे निमित्त साधून १९९१ मध्ये त्याच्या दुसऱ्या आराखड्याबरहुकूम यंत्र उभे केले आणि ते बिनचूक चालले. छपाईचा भाग २००२ मध्ये जोडला गेला, तेव्हा एकूण सुटे भाग सुमारे ८,००० आणि वजन पाच टन भरले. विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांनी १९९० च्या कादंबरीत ‘हे यंत्र त्याच काळात पूर्ण झाले असते तर’ असा प्रश्न घेतला होता. संग्रहालयाने पुढच्याच वर्षी दाखवून दिले की तो प्रश्न हवेतला नव्हता.

किशोर वाचकाला यात काय मिळते, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन की त्याला कारण आणि परिणाम यांच्यातली प्रत्येक मधली पायरी पाहायला मिळते. आजचे उपकरण उघडले तर आत हलणारे असे काहीच नसते. पितळी यंत्राच्या कथेत मात्र ‘हे असे का झाले’ या प्रश्नाला बोट ठेवून दाखवता येईल असे उत्तर असते.

उलटतपासणी

धागाकर्त्यांनी आवाहन केले आहे, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो.

दंतचक्र यांनी वर्णिलेले यंत्र सुंदर आहे, पण या कादंबऱ्यांमध्ये ते असते कुठे? बहुतेक पुस्तकांत पितळी चाके म्हणजे केवळ नक्षी असते. टोपीला चाक, चष्म्याला चाक, हवाई जहाजाच्या कठड्याला चाक, आणि यांपैकी एकही चाक दुसऱ्या कोणत्याही चाकाला फिरवत नाही. या बाबतीत बॅबेजच्याच घरातला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. लहानपणी त्याने मर्लिन नावाच्या कारागिराकडे चांदीची एक नाचणारी बाहुली पाहिली होती. मोठेपणी ती लिलावात मिळाल्यावर त्याने ती दुरुस्त करून आपल्या दिवाणखान्यात मांडली. शेजारच्या खोलीत गणनयंत्राचा तयार झालेला तुकडा ठेवलेला होता. घरी येणाऱ्या पाहुण्यांची गर्दी कोणाभोवती होई? बाहुलीभोवती. बॅबेजने आपल्या आठवणींत हे काहीशा खेदाने नोंदवले आहे. मला भीती अशी वाटते की आपण ज्याला स्टीमपंकचे आकर्षण म्हणतो आहोत, ते त्या बाहुलीचेच आकर्षण आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या वयाच्या वाचकांसाठी ही पुस्तके लिहिली जातात, त्या वयाची मुले एकोणिसाव्या शतकात यंत्रांपाशी खरोखरच होती, पण ती यंत्र समजून घ्यायला गेलेली नव्हती. सूतगिरणीत मागेपुढे सरकणाऱ्या चात्यांच्या गाड्याखाली वाकून पडलेला कापूस गोळा करायला लहान अंगाची मुले लागत, आणि गाडा थांबवला जात नसे. ब्रिटनमधल्या १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली आणि नऊ ते तेरा वयोगटासाठी दिवसाला आठ किंवा नऊ तासांची कमाल मर्यादा घातली. ही त्या काळातली सुधारणा होती, हे लक्षात घ्यावे. संपूर्ण देशासाठी निरीक्षक नेमले गेले ते चार. १८८८ मध्ये लंडनच्या आगपेट्यांच्या कारखान्यातल्या ज्या मुलींनी संप केला, त्यांच्यातल्या काहींचे जबडे पांढऱ्या फॉस्फरसने सडत होते. आता याच काळातली एक नायिका घ्यायची, तिच्या डोळ्यांवर पितळी चष्मा चढवायचा आणि तिला वाफेच्या फुग्यातून पाठवायचे, यात इतिहास कोणता आणि विस्मरण कोणते?

पानोपानी

उलटतपासणी, आपला पहिला आक्षेप मला मान्य आहे आणि तो वाईट पुस्तकांना लागू पडतो. दुसऱ्याबद्दल थोडे वेगळे म्हणायचे आहे. गिरणीतली मुले विसरली जातात ती यंत्र कथेत आल्यामुळे नव्हे, तर गॉथिक भाग कच्चा राहिल्यामुळे. कथेत यंत्र असेल आणि लपवलेले काहीच नसेल, तर तिथे उरते ती जत्रा. उलट ज्या कादंबरीत नायिकेला तळमजल्यावरच्या सुंदर यंत्राचे कौतुक वाटते आणि मग ते रात्रभर कोणाच्या हातांनी चालते हे शोधत ती जिना उतरते, तिथे आपला आक्षेप हाच कथेचा विषय झालेला असतो. ‘या घरात काय दडवले आहे’ या प्रश्नाचे उत्तर भूत नसून मजूर आहे, असे उत्तर द्यायला गॉथिकइतका सोयीचा साचा मला दुसरा दिसत नाही.

शिळोपा

आत्तापर्यंतची चर्चा वाचून मला दोन खऱ्या यंत्रांची आठवण झाली. पानोपानी यांच्या मांडणीच्या दोन टोकांना ती बरोबर बसतात.

पहिले यंत्र म्हणजे वोल्फगांग फॉन केंपेलेनने १७७० मध्ये ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसाच्या दरबारात दाखवलेला बुद्धिबळपटू. एका मोठ्या पेटीमागे तुर्की वेशातला पुतळा बसलेला असे आणि तो समोरच्या माणसाशी बुद्धिबळ खेळून बहुधा जिंके. खेळ सुरू होण्यापूर्वी पेटीचे दरवाजे एकेक करून उघडले जात, आत मेणबत्ती धरली जात असे आणि प्रेक्षकांना दाते, चाके, नळकांडी व्यवस्थित दिसत. आत एक माणूस सरकत्या बैठकीवर बसलेला असे. डावीकडचे दार उघडले की तो उजवीकडे सरके आणि उजवीकडचे उघडले की डावीकडे. नेपोलियन त्याच्याकडून १८०९ मध्ये हरला आणि बॅबेजही पुढे लंडनमध्ये त्याच्याशी खेळून हरला. यंत्र उघडून दाखवणे हीच इथे लपवण्याची पद्धत होती. उलटतपासणी यांनी गिरणीबद्दल जे लिहिले आहे ते या पेटीत अक्षरशः खरे आहे: चाकांची आरास पुढे आणि घामाघूम माणूस मागे. स्टीमपंकच्या पोटात गॉथिक कसे मावते, याचे उत्तर मला या एका पेटीत मिळते.

दुसरे यंत्र याच्या नेमके उलट वागले. १९२८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटकडे एका स्थानिक घराण्याकडून आगीत होरपळलेल्या एका पितळी यंत्राचे अवशेष आले. ते मेल्त्सेल नावाच्या माणसाने बनवले असावे असा त्या घराण्यात समज होता. (हा मेल्त्सेल म्हणजे वर सांगितलेल्या बुद्धिबळपटूचा नंतरचा मालक, ही मंडळी अशी एकमेकांच्या गोष्टींत शिरतच असतात.) तिथल्या कारागिराने ते दुरुस्त केले, तेव्हा ती एक बाहुली आहे आणि ती हातात लेखणी धरून चित्रे काढते व कविता लिहिते, हे ध्यानात आले. बाहुलीच्या बैठकीत पितळी चकत्यांची चळत आहे. चकत्यांच्या कडा खाचाखोचांनी घडवलेल्या आहेत आणि त्या कडांवरून सरकणारे तरफेचे टोक बाहुलीच्या हाताला पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली नेते. चार चित्रे आणि तीन कविता एवढे सगळे त्या कडांवर साठवलेले आहे. शेवटची कविता लिहून झाली आणि तिच्या चौकटीत बाहुलीने फ्रेंचमध्ये एक ओळ लिहिली: हे मायार्देच्या यंत्राने लिहिले आहे. आपण कोणाचे, याबद्दल घराण्यात चालत आलेला समज त्या यंत्राने स्वतःच्या हाताने खोडून काढला होता.

एखाद्या कादंबरीकाराने हा प्रसंग रचला असता तर आपण त्याला ‘फारच जुळवून आणले’ म्हणालो असतो. पण यात पोरक्या वारसाची गॉथिक कथा आणि दुरुस्तीची स्टीमपंक कथा एकाच मेजावर घडते. ज्याच्या हातात पेचकस आहे, त्याला घराण्याचे गुपित कळते. तिथे कोणी मृत्युपत्र वाचून दाखवायला येत नाही.

तळटीप

चर्चा उत्तम चालली आहे, पण सगळे घर लंडनमध्येच आहे, हे मला खटकते. व्हिक्टोरियन इंग्लंडची वाफ कुठल्या कोळशावर, कापूस कुठल्या शेतांतला आणि त्या घरातले शापित रत्न कुठून आलेले, हे प्रश्न या कादंबऱ्या क्वचितच विचारतात. शापित हिरा हे तर गॉथिकचे जुने सामान आहे. शाप नेहमी हिऱ्याला असतो, तो आणणाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही.

पानोपानी यांचा ‘कागद खरा असतो’ हा मुद्दा घेऊन मी एक उदाहरण देतो. पंजाबचा महाराजा दुलीपसिंग १८४९ मध्ये दहा वर्षांचा होता, आई जिंद कौर हिच्यापासून त्याला आधीच तोडण्यात आले होते, आणि त्या अवस्थेत त्याने ज्या तहावर सही केली त्या तहाने त्याचे राज्य आणि कोहिनूर दोन्ही गेले. त्याला सरकारने नेमलेल्या पालकाच्या हाती सोपवले गेले आणि १८५४ मध्ये तो इंग्लंडला पोचला. तोपर्यंत तो हिरा १८५१ च्या महाप्रदर्शनात काचेच्या महालात लाखो लोकांनी पाहून झाला होता, आणि राजवाड्यात त्याचे चित्र काढले जात असताना राणीने तोच हिरा, आता नव्याने पैलू पाडून लहान झालेला, त्याच्या हातात पाहायला दिला. पोरका वारस, दूरचे पालक, सहीचा कागद, पुन्हा समोर येणारे रत्न: गॉथिक कादंबरीचे सगळे घटक यात आहेत आणि एकही कल्पित नाही.

यंत्राच्या बाजूनेही असेच म्हणता येईल. स्टीमपंकचे लेखक ज्याला पूर्वज मानतात त्या जूल व्हर्नचा कॅप्टन नेमो १८७५ च्या सुमारास, ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये, आपण बुंदेलखंडचा राजपुत्र आहोत आणि १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलो आहोत असे सांगतो. या परंपरेतले सर्वांत गाजलेले यंत्र, म्हणजे नेमोची पाणबुडी, साम्राज्याने ज्याचे सर्वस्व हिरावले त्या माणसाने बांधलेले आहे. तरीही किशोर कादंबऱ्यांतल्या पितळी पाणबुड्यांचे कप्तान पुढे बहुतेक इंग्रजच का राहिले, याचे उत्तर मला हवे आहे.

अवांतर

तळटीप, याचे एक साधे उत्तर असे की बरेच लेखक मागच्या पिढीच्या पुस्तकांवरून लिहितात, दस्तऐवजांवरून नव्हे. तेच नायिकांच्या बाबतीतही होते. एकविसाव्या शतकातली एक मुलगी घ्यायची, तिला कॉर्सेट घालायचे आणि तिच्याकडून पहिल्याच प्रकरणात कॉर्सेटबद्दल तक्रार करवून घ्यायची, ही पद्धत आता कंटाळवाणी झाली आहे. ती बंडखोर आहे हे सिद्ध करण्यासाठी आजूबाजूच्या सगळ्या मुलींना बावळट करावे लागते, आणि हा त्या काळातल्या खऱ्या मुलींवर अन्याय आहे.

खऱ्या मुलींचे म्हणाल तर, मेरी शेलीने १८१६ च्या त्या थंड, पावसाळी उन्हाळ्यात ‘फ्रँकेनस्टाइन’ लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. (आदल्या वर्षी तंबोरा ज्वालामुखी फुटल्यामुळे युरोपात त्या वर्षी उन्हाळा असा झालाच नाही.) पुढे बॅबेजच्या यंत्रावर लिहिणारी गणिती एडा लव्हलेस १८३३ मध्ये त्याला भेटली तेव्हा सतरा वर्षांची होती. जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग आणि तिचा भाऊ यांना पहिला मोठा इक्थिओसॉर सापडला तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची होती. आणि या यादीत मी न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स बहिणींनाही घालीन. १८४८ मध्ये त्यांच्या घरात भिंतींतून ठकठक ऐकू येऊ लागली, मृतात्मे त्यातून उत्तरे देतात अशी वार्ता पसरली आणि त्यातून अटलांटिकच्या दोन्ही काठांवर प्रेतात्म्यांच्या बैठकांची लाट आली. चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, थोरल्या मार्गारेटने न्यूयॉर्कच्या रंगमंचावर बूट काढून पाय एका लहानशा लाकडी चौरंगावर ठेवला आणि पायाच्या अंगठ्याचे हाड वाजवून तो आवाज सभागृहाला ऐकवला. दोन लहान मुलींनी मोठ्यांच्या जगाला चाळीस वर्षे बनवले, आणि त्यासाठी त्यांना वाफेचे इंजिनही लागले नाही! नायिकेला अंगभूत हुशारी द्यायची तर ती अशी द्यावी: त्या काळाला शक्य असलेली आणि नैतिकदृष्ट्या थोडी अडचणीची.

उलटतपासणी

फॉक्स बहिणींचे उदाहरण मला फार आवडले, कारण त्यात यंत्र शरीराच्या आत आहे. मात्र मेरी शेलीच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवतो, जी धाग्याच्या मूळ मांडणीला अडचणीची आहे. गॉथिक आणि विज्ञान यांचा संगम म्हणून आपण सगळेच ‘फ्रँकेनस्टाइन’कडे बोट दाखवतो; पण त्या कादंबरीत निर्मितीची कृती दाखवलेलीच नाही. आपली पद्धत सांगायला फ्रँकेनस्टाइन स्पष्ट नकार देतो. दरवाजा बंद तो बंदच राहतो, आणि कादंबरी दोनशे वर्षे टिकली आहे. मग उघडे यंत्र हवेच कशाला?

पानोपानी

प्रश्न योग्य जागी लागला आहे. माझे उत्तर असे की ‘फ्रँकेनस्टाइन’ ही मोठ्या माणसाच्या अपराधाची कथा आहे आणि ती दडवणाऱ्याच्या तोंडून येते, त्यामुळे कृती झाकलेली राहणे तिला शोभते. किशोर कादंबरी बहुधा ज्याच्यापासून दडवले गेले त्याच्या बाजूने सांगितली जाते. तिच्यात दार शेवटपर्यंत बंद ठेवले तर वाचकालाही मोठ्यांनी पुन्हा एकदा बाहेरच थांबवल्यासारखे होते. फ्रँकेनस्टाइनने घडवलेल्या त्या जिवाच्या तोंडून जी मधली प्रकरणे येतात, ती मला म्हणूनच अधिक ‘किशोर’ वाटतात. त्याला फ्रँकेनस्टाइनच्या अंगरख्याच्या खिशात टिपणवही सापडते आणि तीतून तो आपला जन्म कसा झाला हे वाचतो. आपल्याला ती वही वाचायला मिळत नाही, पण त्याला मिळते, आणि त्यानंतर तो फ्रँकेनस्टाइनला जाब विचारायला निघतो.

दंतचक्र

यात लेखकांसाठी एक व्यावहारिक भर घालतो. अशा कादंबऱ्यांचा शेवट बहुतेक वेळा फसतो तो यंत्राने सगळेच प्रश्न सोडवल्यामुळे. नायिका कळ दाबते, वाफेचा राक्षस उठतो, काका नदीत पडतो आणि मालमत्ता परत मिळते. वर सांगितलेल्या १८४५ च्या कायद्याचे मग काय झाले? शिळोपा यांच्या बाहुलीने नाव लिहून दिले, पण त्या नावाने कोणाची मालमत्ता इकडची तिकडे झाली नाही. मला जे शेवट पटतात त्यांत यंत्र खरे काय ते दाखवून देते आणि ते सत्य घेऊन नायिकेला पुन्हा वकिलाच्या, डॉक्टरांच्या आणि काकांच्या समोर उभे राहावे लागते, जिथे तिची साक्ष ग्राह्य धरायची की नाही हे तेच ठरवणार असतात.

तळटीप

आणि साक्षीला उभी राहणारी ती मुलगी लंडनची नसून गिरणीतली किंवा दुलीपसिंगाबरोबर जहाजातून आलेल्या एखाद्या नोकराची असेल, तर तिला त्या खोलीत प्रवेश मिळवण्यासाठीच एक अख्खा खंड लागेल. तो खंड मी आनंदाने वाचीन.